दादाचा नकार

तुमच्या मामेबहिणीला परदेशात पीएच.डी.ची जागा मिळाली हे तुम्हा दोघा नातवंडांना फोनवर कळलंच आहे. सगळ्या भावकीला कळलं आहे. ग्रामपंचायतीसमोर फ्लेक्स लागला होता. त्यावर तिच्या फोटोपेक्षा तिच्या मामाचा फोटो मोठा होता आणि खाली छापलं होतं, ‘जगाला न्याय शिकवायला निघाली आपली कन्या’. फोनवर तुम्ही अभिनंदन केलंत, मी आभार मानले आणि गोष्ट तिथंच संपली. पण ती निम्मीच होती. उरलेली लिहून ठेवते, कारण इथं ती आता प्रत्येक जण आपापल्या सोयीनं सांगतो.

ही मुलगी म्हणजे तुमच्या धाकट्या आजोबांची, माझ्या धाकट्या दिरांची नात. अवसरीत आमची दोन्ही घरं एकाच आळीत आहेत. ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत कामाला होती. उन्हाळ्यात एकदा ती जाहिरातीचा छापील कागद घेऊन माझ्याकडे आली. शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवल्याचा हा दंड मला अजून भरावा लागतो. कुणाचाही अर्ज असो, माझ्या टेबलावर येतोच.

जाहिरात अशी होती की न्याय्य आणि समाजाप्रती जबाबदार अशा कृत्रिम बुद्धिमत्तेवर डॉक्टरेटचं संशोधन करणारे उमेदवार हवेत. पहिल्याच वाक्यात पाच विशेषणं. न्याय्य, जबाबदार, पारदर्शक, सर्वसमावेशक, विश्वासार्ह. निबंधात दुसरं विशेषण आलं की मी लाल शाई मारत असे. इथं तर सगळा फापटपसारा. मी तिला म्हटलं, “अगं, हे दूध संघाच्या निवडणुकीचं पत्रक आहे. शब्द तेच आहेत, फक्त इंग्रजीत.”

“मोठी आजी, भाषा नको बघूस. काम बघ,” ती म्हणाली.

काम तिनं मला नीट समजावलं. कर्ज कुणाला द्यायचं, नोकरीला कुणाला बोलवायचं, हे आता पुष्कळ ठिकाणी यंत्र ठरवतं. माणसांनी आजवर जे निर्णय घेतले ते बघून यंत्र शिकतं. माणसांनी पक्षपात केलेला असेल तर यंत्रही तोच करतं, आणि तोही न थकता. म्हणून यंत्र कुठं चुकतं ते शोधायला ही माणसं हवी होती. एवढं मला पटलं. जी गोष्ट दोन ओळींत पटते तिला चार पानं विशेषणं कशाला लागतात, हे मात्र अजून कळलेलं नाही.

अर्जात तिला स्वतःचा एक प्रश्न मांडायचा होता. तिनं निवडला लग्न जुळवणारा ॲप.

तुम्ही इथं दिवाळीपुरते येता, म्हणून सांगते. आमच्याकडे आता शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही. गरीब शेतकरी म्हणत नाही मी. घराला मार्बल आहे, दारात गाडी आहे, रानात ठिबक आहे, तरी मिळत नाही. मुलीची आई विचारते, “मुलगा पुन्यात असतो का?” ही आईसुद्धा कांद्याची रोपं लावून आलेली असते, नखांत माती तशीच असते. म्हणून काही पोरं लग्नापुरती नोकरी धरतात. चाकणच्या कंपनीत काही महिने काढायचे, ओळखपत्र गळ्यात घालून मुलगी बघायला जायचं आणि हळद उतरली की परत रानात. सगळ्यांना हे माहीत असतं. सगळे एकमेकांच्या तोंडावर मान डोलावतात. या खोटेपणाला इथं व्यवहार म्हणतात.

हिचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, असली नोकरी धरायला तयार नव्हता. तो शेतकीचा पदवीधर आहे, तिशी ओलांडलेला, टोमॅटो आणि कांदा करतो, बोलायला कमी. त्याच्या आईनं त्याचं नाव त्या ॲपवर घातलं त्याला बरीच वर्षं झाली. हिचं म्हणणं असं होतं, की मुली ‘शेतकरी’ शब्द बघून पुढं सरकतात, हे यंत्रानं शिकून घेतलं. मग त्यानंच दादासारख्यांना इतकं खाली ढकललं की जी कदाचित ‘हो’ म्हणाली असती तिच्या नजरेसही तो पडत नाही. हा अन्याय कसा मोजायचा आणि कसा कमी करायचा, हा तिचा प्रश्न.

प्रश्न चांगला होता. मी अर्जाचं इंग्रजी सुधारलं, निम्मी विशेषणं काढली. शेवटच्या पानावर ‘माझा भाऊ’ असे शब्द आले तेव्हा विचारलं, “त्याला सांगितलंस?”

“सांगेन गं,” ती म्हणाली.

मुलाखत भर दुपारी होती, तिच्या घरी, लॅपटॉपवर. मी दारातल्या खुर्चीवर होते. सकाळपासून त्या घरात जे चाललं होतं ते बघून मला कळेना की मुलाखत आहे की मुलगी बघायला पाहुणे येताहेत. माझ्या पुतसुनेनं, म्हणजे तिच्या आईनं, टेबलावर भरतकामाचा रुमाल घातला होता. भिंतीवरचं बियाणं कंपनीचं कॅलेंडर काढून तिथं देव लावले होते. आणि स्वयंपाकघरात पोहे भिजत होते.

“पोहे कुणाला?” मी विचारलं.

“आता मोठ्याबाई, पोरगी बघाया मान्सं बसनार. घरात पोहं नगं का?”

“ती माणसं सातासमुद्रापार आहेत.”

“आसू द्या. पद्धत हाय.”

तेवढ्यात निरगुडसरहून मामा आले. कडक इस्त्रीची टोपी, कपाळाला गंध. भाचीची मुलाखत म्हटल्यावर मामानं बसायलाच पाहिजे, असं त्यांनी स्वतःच ठरवलेलं. मुलीनं हात जोडले, “मामा, आतल्या खोलीत बसा ना.” मामा म्हणाले, “समोर तीन-तीन जनं बसल्यात आन् पोरीकडचं येक मानूस नगं? लोक काय म्हनतील?” आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी, बरोबर कॅमेऱ्यासमोर बसले.

पडद्यावर तीन माणसं होती. मधल्या बाई प्रमुख. मामांनी त्यांना वाकून नमस्कार केला. बाईंनी विचारलं, हे गृहस्थ कोण? मुलगी म्हणाली, आईचे भाऊ. बाई म्हणाल्या, किती छान, तुमची हरकत नसेल तर त्यांनी जरूर थांबावं. त्यांना काय वाटलं असेल ते माझ्या ध्यानात आलं. खरी संस्कृती आयती समोर येऊन बसली होती.

“काय म्हन्ती बाई?” मामांनी मागं वळून मला विचारलं.

“छान म्हणतात.”

“मग पोहं आनू का?” आतून आवाज आला.

आणि लाईट गेली.

पुतसून किंचाळलीच. दादा रानातून नुकताच जेवायला आला होता. त्यानं गोठ्याजवळचा इन्व्हर्टर उचलून आणला, टेबलाखाली ठेवला आणि वायर जोडली. पण सॉकेट ढिलं होतं. पिन हातानं दाबून धरली तरच इंटरनेट चालू राही, सोडली की बंद. म्हणून दादा टेबलाखाली उकिडवा बसला, पिन धरून. चिखलाचे पाय तसेच. पडद्यावर तिघं परत आले, पण त्यांना तो दिसत नव्हता.

मुलगी चांगलं बोलली. तिघांनी माना हलवल्या. मग एका प्राध्यापकानं विचारलं, हे सगळं ठीक, पण प्रत्यक्ष उदाहरण द्याल का?

तिनं खाली बघितलं नाही. मग बोलायला लागली, माझा स्वतःचा भाऊ. शिकलेला, कष्टाळू, जमीन असलेला. इतकी वर्षं तो यादीत तळाला आहे. किती मुलींनी त्याला बघितलं, कितींनी नाकारलं, नकार आल्यावर घरात काय होतं, आई कशी रडते, तो जेवताना कसा गप्प असतो. सगळं सांगितलं. मीच सुधारून दिलेल्या इंग्रजीत, न अडखळता.

दादाला इंग्रजी येतं. पदवीला त्याची पुस्तकं इंग्रजीच होती. त्याला तो शब्दन् शब्द कळत होता आणि उठता येत नव्हतं. हात उचलला असता तर बहिणीची मुलाखत तिथंच तुटली असती. मी दारातून बघत होते. त्यानं पिन सोडली नाही. उलट दुसऱ्या हातानंही धरली.

प्रमुख बाई हेलावल्या होत्या. खूप धाडसी, म्हणाल्या. मग त्यांनी सहज विचारलं, “तुमचंही नाव त्या ॲपवर आहे का? तुम्ही काय अपेक्षा लिहिली आहे?”

“आईनं नाव घातलंय,” मुलगी हसून म्हणाली. “मी बघत नाही.”

तेही हसले. मुलाखत संपली. टेबलाखालून दादा बाहेर आला, हात विजारीला पुसले आणि म्हणाला, “झालं का? मोटार चालू करायचीय.” जेवण तसंच राहिलं. पोहे मामांनी खाल्ले.

काही आठवड्यांनी पत्र आलं. निवड झाली होती. समितीला तिचा ‘जगलेला अनुभव’ अतिशय मोलाचा वाटला, असं त्यात होतं. न जगलेला अनुभव कसा असतो ते मला त्या समितीला विचारायचं आहे. पेढे वाटले गेले, मामांनी फ्लेक्स लावला. पत्राचा शेवट त्या घाईत कुणी नीट वाचला नाही. तो मी वाचून दाखवला. पहिल्या वर्षाचं काम भावाच्या त्या ॲपवरच्या माहितीपासून सुरू करायचं होतं, म्हणून नेमणुकीआधी भावाची लेखी संमती हवी होती.

गंमत बघा. न्याय आणि जबाबदारी हाच ज्यांचा धंदा, त्यांना त्या माणसाला विचारायची आठवण निवड करून झाल्यावर झाली. पण निदान त्यांना झाली. आमच्या घरात कुणालाच झाली नव्हती.

संध्याकाळी ओट्यावर कांदा निवडत सगळे बसले होते. मुलीनं कागद पुढं केला. “दादा, इथं सही हवीय फक्त.”

दादानं कागद वाचला. सावकाश, दोन्ही बाजू. मग परत दिला.

“न्हाई.”

“नाही म्हणजे?”

“न्हाई म्हंजी न्हाई. माझं लगीन जमत न्हाई ही काय तुझी नोकरी व्हय?”

मामा फ्लेक्सच्या कौतुकासाठी आलेलेच होते. ते मध्ये पडले. “आरं भाचेबुवा, नाव बी छापनार न्हाईत तुझं. निस्ता नंबर.”

“नंबर लिवला तरी मीच ना त्यो?”

“बहिनीचं वाटुळं करतोस तू,” पुतसून म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. “लई शिकली, लई पुढं चालली, ते बघवंना तुला.”

“आये,” दादा म्हणाला. आवाज अजिबात चढवला नाही. “तिच्या नावाखाली तू काय लिवलंय ॲपवर, ते वाच की समद्यांफुडं.”

मला माहीत नव्हतं, म्हणून मी विचारलं. पुतसून कांद्याकडं बघत राहिली. सांगितलं मुलीनंच, हळू आवाजात. “नोकरदार, पुणे किंवा परदेश. शेतकरी नको.”

“मंग?” पुतसून उसळली. “काय चुकीचं लिवलं? माझ्यावानी शेन काढीत बसूद्या का तिला? बिबट्याच्या भ्यात रातचं पानी धरायला जाऊद्या?”

हे सगळं ती आपल्या शेतकरी मुलासमोर बोलत होती, त्याच्यासाठी शेतकऱ्याच्या घरात येणारी सून शोधत असताना. मला हसू आलं ते मी लपवलं नाही. मामांच्या ते लक्षात आलं.

“मोठ्याबाई, हसू नगा,” ते म्हणाले. “तुमचं जावई तरी काय नांगर धरत्यात व्हय?”

तुमच्या बाबांना हे वाचून दाखवू नका. टोला बरोबर बसला होता.

मुलगी आत निघून गेली. पुढं मामांनी दादाला मोटारसायकलीचं आमिष दाखवलं, पुतसुनेनं अबोला धरला, भावकीतले दोघं ‘समजावून सांगायला’ आले. म्हणजे असं की या मुलाला लोकांनी नाकारलं त्याचा जाब कधी कुणी विचारला नाही, पण त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला नकार दिला तर सगळं गाव चौकशीला आलं. तो ज्याला त्याला एकच सांगे, “इचारलं म्हनून सांगितलं.” खरंच होतं. विचारायचं म्हणजे नकाराला जागा ठेवायची. आमच्याकडे संमती मागतात ती सत्यनारायणाच्या प्रसादासारखी, पुढं केला की नाही म्हणायचंच नाही अशी.

दोन दिवस मुलगी खोलीबाहेर आली नाही. मग माझ्याकडे आली. डोळे सुजले होते.

“आजी, काय लिहू त्यांना?”

“तो नाही म्हणाला असं लिही.”

“जागा जाईल.”

“जाईल कदाचित. दुसरं काय लिहिणार आहेस? तो हो म्हणाला असं?”

ती टेबलाशी बसली. या वेळी मला काही सुधारायला दिलं नाही, पाठवून झाल्यावर वाचून दाखवलं. अगदी साधी वाक्यं होती. भावाची संमती नाही. त्याच्याबद्दल तुमच्याशी बोलण्याआधी मी त्याला विचारलं नव्हतं, तो तिथंच होता तरीही. मुलाखतीत तुम्ही मला माझ्या अपेक्षा विचारल्या होत्या, तेव्हा मी उत्तर टाळलं. माझ्या नावाखाली ‘शेतकरी नको’ असं लिहिलेलं आहे आणि मी ते बघितलेलं आहे. ज्याला खाली ढकललं जातं त्याच्याऐवजी जे ढकलतात त्यांच्यापासून मला सुरुवात करायची आहे. माझी माहिती वापरा. तिला माझी संमती आहे.

त्यात एकही विशेषण नव्हतं. मी शाळेत असते तर पूर्ण गुण दिले असते.

उत्तर येईना. दिवस जात होते. फ्लेक्स तसाच फडफडत होता आणि मामांचा रोज फोन. “ठिवू का उतरवू? लोकं इचारत्यात, पोरगी कवा चालली.” मामांची काळजी भाचीच्या जागेची कमी आणि स्वतःच्या फोटोची जास्त होती. पुतसून रोज देवापुढं बसे आणि उठताना दादाकडं बघून उसासा टाके. दादा टोमॅटोच्या तोडणीत होता. नारायणगावच्या बाजारात गाडी लावून यायचा, जेवायचा, झोपायचा. मुलीशी त्याचं बोलणं पूर्वी होतं तेवढंच होतं. ‘मीठ दे’ वगैरे.

शेवटी उत्तर आलं. जागा राहिली. नवीन प्रश्न आधीच्यापेक्षा अधिक चांगला आहे, असं प्रमुख बाईंनी लिहिलं होतं. ते त्यांनी सात-आठ विशेषणं लावून लिहिलं, पण या वेळी मी ती मोजायच्या फंदात पडले नाही.

मुलीनं पहिल्यांदा ते रानात जाऊन दादाला सांगितलं, आईच्याही आधी. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत येताना तिच्या हातात टोमॅटोची पाटी होती आणि तो मागून रिकामा चालत होता, एवढं मी खिडकीतून बघितलं.

जाण्याच्या आधी मी तिला विचारलं, “ते ‘शेतकरी नको’ काढलंस का गं ॲपवरून?”

“नाही अजून.”

“का?”

“काढलं तर खोटं होईल आजी. अजून मला तसंच वाटतं.”

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. गावभर न्यायाचे फ्लेक्स लावणाऱ्यांत तेवढं एक वाक्य तरी खरं होतं.

दादाचं अजून जमलेलं नाही. मध्ये दोन स्थळं आपणहून आली, हे मात्र सांगायला हवं. दोघांनीही पहिला प्रश्न विचारला की बहीण परदेशात आहे, मग मुलगाही तिकडं जाणार का? दादा म्हणाला, “न्हाई. कांदा हाय.” पाहुण्यांनी पोहे संपवले आणि गेले. फ्लेक्स त्यानं उतरवून कांद्याच्या ढिगावर अंथरला आहे. कापड चांगलं जाड आहे, पाणी आत जात नाही. मामा त्यावर उताणे पडलेले दिसतात. निरगुडसरला अजून बातमी गेलेली नाही.

परवा मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथं होते. तिथल्या पहिल्या बैठकीत प्रत्येकानं स्वतःची ओळख करून द्यायची होती. तिनं फोन दादाला द्यायला सांगितला आणि विचारलं, “दादा, माझा भाऊ शेती करतो असं सांगितलं तर चालेल का?”

दादानं थोडा विचार केला.

“तेवढं सांग,” तो म्हणाला. “फुडचं नगं.”